खड्ड्याच्या काठावरून पाहिलेला पाय

"डॉक्टरसाब, ही गाठ तुमीच काढली होती की. परत आली बघा."

राजय्यानं पाय टेबलावर ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. राग त्याच्यावर नव्हे, माझ्यावर. वर्षापूर्वी मीच ते हाड तासलं होतं. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि त्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन सुजतं, असा हा रोग.

राजय्या सोलापुरातला विणकर. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून हातमागाच्या पावड्या, म्हणजे खालच्या फळ्या, दिवसभर दाबायच्या, हे त्याचं काम.

"पाय चालंना तर माग विकावा लागतंय, साब. बापाचा माग हाय."

मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे, आमच्या मुख्य सर्जनकडे गेलो. ते म्हणाले, "टाइट बूट बंद करायला सांगा."

"सर, त्यानं जन्मात बूट घातलेला नाही!"

"मग पुन्हा तासा."

"पुन्हा येईल. आधी कारण शोधू द्या."

"शोधा. पण लवकर."

दुसऱ्या दिवशी मी सरळ राजय्याच्या घरी. "बस, विणायला लाग," म्हटलं आणि खड्ड्याच्या काठावर पालथा पडलो. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसोत बापड्या! पावडी दाबली की अंगठ्यामागचं लांब हाड वर सरकायचं, बाजूला फाकायचं आणि अंगठा उलटा कलायचा. पायाच्या मध्यावरचा, त्या हाडाच्या मुळाचा सांधाच ढिला होता. दवाखान्यात पाय टेबलावर निवांत पडलेला, मला काय कपाळ दिसणार? बिजागरी खिळखिळी आणि मी दाराची कड तासत बसलो होतो.

साहेबांना पटलं. त्या काळची क्लोरोफॉर्मची भूल देऊन मी ढिल्या सांध्यातली दोन्ही टोकं खरवडली आणि हाडं सरळ जुळवून बांधली, म्हणजे ती भरून येताना एकजीव होतात. वर प्लास्टर.

"दोन महिने पाय टेकायचा नाही, राजय्या."

"आन् माग?"

त्याची बायको नरसम्मा आजवर फक्त कांड्यांवर सूत गुंडाळून द्यायची. तीच पुढं आली. "मी बसते की मागावर. तुमी पाय सांभाळा."

प्लास्टर निघालं, हळूहळू पायात बळ आलं. एके दिवशी मी पुन्हा त्याच काठावर पालथा पडलो. राजय्यानं पावडी दाबली. हाड जागचं हललं नाही.

"दुखतंय?"

"न्हाय, साब!"

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. तेव्हापासून पायाचा रोगी आला की मी त्याला आधी उभा करतो. टेबलावर सगळेच पाय शहाण्यासारखे वागतात.