महमूदच्या खांद्यावरचं बोट

पडदा वर जातो. २०१४ सालची संध्याकाळ, मस्कतच्या अल खौदमधलं एक सभागृह. रंगमंचावर निळा उजेड. एका बाजूला इलेक्ट्रिक गिटार घेतलेला अमेरिकन शिक्षक, दुसऱ्या बाजूला भला मोठा भोपळा पोटाशी धरून बसलेला गांबियाचा वादक. त्या भोपळ्याला एकवीस तारा. वाद्याचं नाव कोरा. आणि प्रेक्षकांच्या पाठीमागे, अंधारात, साउंड सांभाळणारा हर्णैचा महमूद. लोक बँड ऐकायला आले होते, मी महमूदसाठी.

सोळा वर्षं तो मस्कतमध्ये हेच काम करत होता. लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, आमच्या मराठी मंडळाची नाटकं. मुलीकडे राहायला आलेल्या माझ्यासारख्या म्हातारीचा बसलेला गळाही त्यानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला होता.

त्या स्पीकरांनीच त्याचे कान खाल्ले. आधी बारीक आवाज गेले. ढोल आणि गिटार तो स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून जोखायचा, पण कोराच्या तारा हाताला लागत नव्हत्या. हे त्याची बायको सकिना आणि मी, दोघींनाच ठाऊक. अर्बाबला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, कळलं असतं तर नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा, सगळंच गेलं असतं.

म्हणून त्यानं मला शेजारी बसवलं. माइकची शिट्टी चढायला लागली की खांद्यावर बोट टेकवायचं, एवढीच माझी भूमिका.

"यात वाक्यं नाहीत बाई, विसरायची भीती नाही," तो म्हणाला.

दोन गाणी मी नीट सांभाळली. तिसऱ्यात गिटार थांबली, ढोल थांबला, कोरा एकटाच उरला. पन्नास वर्षं रंगभूमीवर काढली, पण असं काही कानावर पडलं नव्हतं. मी डोळे मिटले.

शिट्टीनंच ते उघडले. सभागृहभर लोकांनी कान दाबले होते. महमूद एकटाच संथपणे मान डोलावत होता, आणि पहिल्या रांगेतून वळून अर्बाब त्याच्याकडेच बघत होता. माझं बोट पोचलं ते त्यानंतर.

अर्बाब रागावला नाही. नुसतं "खलास" म्हणाला. महिन्याभरात व्हिसा रद्द झाला.

मी माफी मागायला गेले. सकिना खोकी बांधत होती. तिनं चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी हात जोडले. महमूदनं ते धरून खाली केले.

"तुम्ही डोळे मिटलेत ते मी बघितलं होतं, बाई," तो म्हणाला. "हलवावंसं वाटलं नाही. कोरा चांगला वाजत होता ना?"