मानाची पहिली सही

“पहिली सही म्हाताऱ्याची आहे ना? मग युनियन कशाला अडकेल?”

युनियनच्या ऑफिसचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत सेक्रेटरी फोनवर बोलत होते, मी बाहेर बाकावर बसले होते. म्हातारा म्हणजे माझे बाबा. ते खाली रस्त्यावर चपलेचा अंगठा शिवून घेत होते, म्हणून त्यांनी हे ऐकलं नाही.

शेलार गावाजवळच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात बाबा बॉयलरवर होते, बावीस वर्षं. दोन आठवड्यांपूर्वी तिथे वाफेचा पाइप फुटून एक कामगार भाजला. पाइप बदला, असं बाबा कधीपासून सांगत होते. त्या संध्याकाळी सगळे आमच्या ओट्यावर जमले. उद्या पहिल्या शिफ्टपासून काम बंद, असं ठरलं. युनियनला विचारायला कोणी थांबलं नाही. मागण्यांचा कागद झाला आणि पेन आपोआप बाबांकडे आलं. साखरपुडा असो की गावकीची बैठक, आमच्याकडे मोठ्या माणसाआधी कोणी पुढे होत नाही. बिहारचा एक कामगार हसून म्हणाला, “पहले चाचा. चाचा के बाद ही हम लोग.” बाबांनी चष्मा पुसला आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

मी दाराआड उभी राहून मोबाइलवर वाचत होते. संपाआधी चौदा दिवस लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर संप बेकायदा ठरतो आणि नोकरीवर गदा येऊ शकते. इंग्रजीत होतं, मला नीट कळलं. पण ओट्यावर पंधराएक पुरुष होते आणि सगळे एकदम बोलत होते. मी चहाचे रिकामे कप उचलून आत नेले.

तीन दिवसांनी गेटवर नोटीस लागली. चिथावणी देणाऱ्यांच्या यादीत बाबांचं नाव एक नंबरला होतं. कंपनीने आमच्याच कागदावरून, त्याच क्रमाने यादी उतरवली होती.

बाबा जिना चढून आले तसे सेक्रेटरींनी आम्हाला आत घेतलं. माणूस वाईट नव्हता. मी दहावी पास झाले तेव्हा पेढे घेऊन आला होता.

“दादा, न विचारता गेट बंद केलंत. आता संप आमचा म्हटलं तर केस युनियनवर येते, मान्यता जाते. मग बाकी कारखान्यांतल्या लोकांसाठी कोण भांडणार?”

“चुकला आमचा,” बाबा म्हणाले.

“हा माफीनामा. मुलगी इंग्लिश मीडियमची ना? वाच बेटा.”

“वकीलच हाय आमची,” बाबा कौतुकाने म्हणाले. “फक्त बोलत न्हाय.”

दोघे हसले. मी कागद घेतला. संप युनियनने पुकारला नव्हता आणि युनियनचा त्याला पाठिंबाही नव्हता, असं वर लिहिलं होतं. त्याखाली होतं, सही करणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने इतरांना काम बंद करायला लावलं. बडतर्फीसह कोणतीही कारवाई त्याला मान्य आहे. सहीची जागा एकच होती.

मी दोनदा वाचलं. पंखा खडखडत होता. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

“मंग बाकीची पोरं कामाव जातील ना?” बाबांनी विचारलं.

“सोमवारी सगळे ड्युटीवर.”

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. “कुठं करू, बाय?”

कागद माझ्या हातातच होता. मी तो टेबलावर ठेवलाच नाही.

“सगळे जातील, बाबा, तुम्ही सोडून. यात लिहिलंय की त्यांना तुम्ही भडकवलं, आणि काढून टाकलं तरी तुम्हाला मान्य आहे.”