मागाच्या खोलीतलं ग्रहण

मी सात महिन्यांची गरोदर असताना मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला सूर्यग्रहण दाखवलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ग्रहणाची नजर पडू नये म्हणून मला ज्या खोलीत बसवलं होतं, त्याच खोलीत.

दोन हजार दहा सालची संक्रांत होती. दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, दुपारी ग्रहण लागणार होतं. दक्षिणेत कंकणाकृती, आमच्या भंडाऱ्यात खंडग्रास. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. माझं माहेर लाखांदूरकडचं, धानाच्या बांध्यांतलं. बी.एस्सी. करून मी इथल्या विणकरांच्या गल्लीत सून म्हणून आले. घरात पूर्वी तीन माग होते म्हणे. मी आले तेव्हा एकच उरला होता, आणि त्यावर मामाजी एकटेच बसायचे. कोशाच्या रेशमाची लुगडी विणायचे. बोलणं कमी. दिवसभर मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज तेवढा यायचा.

संक्रांतीच्या सकाळी तीळगूळ वळतानाच आत्याबाईंनी मला समजावून ठेवलं.

"उद्या काही चिरायचं नाही. सुई हातात धरायची नाही. झोपायचं नाही. आन् बाहेर तर पायच नाही ठेवायचा. समजलं का बाई?"

"हो, आत्याबाई."

"मागाच्या खोलीत बसजो. तिले खिडकीच नाही. कुठून येईन ग्रहण आत?"

मामाजी ओसरीवर दाढी करत होते. तिथूनच म्हणाले, "बरोबर आहे. तिथंच बसू दे तिले."

मला नवल वाटलं. या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ग्रहणाबिहणाचं मामाजी काही मानत नव्हते, हे गल्लीभर माहीत होतं. मला वाटलं होतं ते माझी बाजू घेतील. मी थोडी हिरमुसलेच.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मामाजींनी शिडी लावली आणि मागाच्या खोलीच्या छपरावर चढले. आमच्याकडे माकडं कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून, नाचतात, फुटकी कवेलू पावसाळ्याआधी बदलावी लागतात. पण ती उन्हाळ्यातली कामं. आत्याबाई अंगणातून ओरडल्या, "संक्रांतीच्या दिवशी कायले चढले वर? पडसान ना!"

"कवेलू सरकली आहेत. माकडं आली होती."

"मले तर एक माकड नाही दिसलं."

"तू पाहून राहिली होती का वर?"

अर्धा तास ते वर काहीतरी सारत, उचलत होते. उतरले तेव्हा धोतराला शेवाळ लागलं होतं आणि चेहऱ्यावर एरवी कधी नसायचा असा खुशीचा भाव होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत स्वयंपाक आवरला. पाण्याच्या भांड्यात, दुधात तुळशीची पानं पडली. माझे यजमान नागपूरला नोकरीवर गेले होते. आत्याबाईंनी मला मागाच्या खोलीत पाटावर बसवलं, हातात जपमाळ दिली, दार ओढून घेतलं आणि स्वतः देवापुढे जाऊन बसल्या.

खोलीत अंधार होता, पण पुरता नाही. डोळे सरावल्यावर दिसलं की जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले आहेत. पंधरा-वीस असतील. सगळे गोल, बत्ताशाएवढे. काही शेणानं सारवलेल्या भुईवर, काही मागाच्या लाकडावर, काही ताण्याच्या उभ्या पांढऱ्या धाग्यांवर. वर कवेलूंमध्ये बारीक बारीक फटी होत्या. कुठं बोट जाईल एवढी, कुठं त्याहून कमी. फटी काही गोल नव्हत्या, वेड्यावाकड्या होत्या. तरी खालचे सगळे कवडसे गोल. हे मी जन्मभर पाहत आले होते, पण त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला कधी सुचलं नव्हतं.

दार हळूच उघडलं. मामाजी आत आले, दार लावून घेतलं आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून आपल्या रोजच्या जागी बसले. विणायला नाही, नुसतेच.

"काही दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"काय, मामाजी?"

"पाहात राय. माळ राहू दे बाजूले."

मी पाहत राहिले. पावणेबाराच्या सुमारास माझ्या पायाजवळच्या कवडशाची एक कड थोडी चपटी झाल्यासारखी वाटली. मी शेजारचा पाहिला. त्याचीही तीच कड चपटी. मग ताण्यावरचे. सगळ्यांची तीच बाजू, तेवढीच. काही वेळानं कड आत गेली, खळगा पडला. तासाभरात खोलीतले सगळेच्या सगळे बत्तासे चंद्रकोरी झाले होते. एकाच दिशेला तोंड केलेल्या वीस कोरी, त्या अंधाऱ्या खोलीत. मी बी.एस्सी. झालेली बाई, प्रकाश सरळ रेषेत जातो हे परीक्षेत लिहून आलेली.

"मामाजी, हा सूर्य आहे? प्रत्येक?"

"मंग काय! सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. सूर्य कापला का कवडसा कापला. छिद्र कसंबी असो." ते हसले. "काल त्याच्यासाठीच चढलो होतो वर. चार-पाच जागा मोकळ्या केल्या."

मग त्यांनी ऐंशी सालची गोष्ट सांगितली. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. फेब्रुवारीत मोठं ग्रहण होतं, दुपार उतरताना लागणारं. सगळी गल्ली दारं लावून बसली. पण एका लग्नाचं लुगडं अडलं होतं आणि पदर तेवढा राहिला होता, म्हणून वडिलांचा डोळा चुकवून ते मागावर येऊन बसले.

"विणून राहिलो होतो. एकाएकी ताण्यावर डाग दिसले. मले वाटलं कापड बिघडलं! हातानं झटकले, तर डाग हातावर. वर पाहिलं, खाली पाहिलं. सगळ्या कोरीच कोरी, नखाएवढ्या बारीक. उजेड कसा म्हणशीन तर पितळेसारखा. चिमण्या चूप. मी तसाच बसून राहिलो. धोटा हातातच."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण उठावंसंच नाही वाटलं."

एवढ्यात दार उघडलं. आत्याबाई तुळशीचं पान घेऊन माझ्याकडे पाहायला आल्या होत्या. उंबऱ्यातच थबकल्या. आधी त्यांना मामाजी दिसले, आणि त्या रागावणार एवढ्यात त्यांना भुई दिसली.

"अगं माय! हे काय पडलं?"

"ग्रहण आहे थे," मामाजी शांतपणे म्हणाले. "तू म्हणत होती ना, कुठून येईन आत?"

आत्याबाई माझ्याकडे धावल्या. मध्येच थांबल्या, कारण पाय ठेवायला कोर नसलेली जागा सापडेना. त्यांनी लुगड्याचा घोळ उचलून धरला आणि पाणी साचलेल्या अंगणातून जावं तशा वाकडी पावलं टाकत आल्या. माझ्या पदरावर, पोटाच्या जरा वर, एक कोर पडली होती. त्यांनी पटकन तिच्यावर हात ठेवला. कोर त्यांच्या हातावर आली. हिरव्या शिरांच्या, सुरकुतलेल्या त्या हातावर ती अगदी स्पष्ट होती. त्यांनी हात हलवला नाही. बराच वेळ त्या आपल्याच हाताकडे पाहत राहिल्या.

"ऊन तर रोजच्यासारखंच लागून राहिलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"सूर्य थोच आहे ना," मामाजी म्हणाले. "दुसरा कोण राहीन?"

त्यानंतर त्या गेल्या नाहीत. माझ्या पाटाशेजारीच बसल्या, ग्रहण सुटेपर्यंत. हात मात्र माझ्या पोटावरून काढला नाही. तीननंतर कोरी भरत भरत पुन्हा बत्तासे झाल्या. मग त्यांनी आम्हा दोघांना अंघोळीला पिटाळलं आणि घरभर पाणी शिंपडलं. त्या नेमात काही फरक पडला नाही.

संध्याकाळी मामाजींनी मला एक वही दाखवली. जाड पुठ्ठ्याची, लांबट. त्यात ऐंशी सालापासून प्रत्येक वर्षाच्या कॅलेंडरातला, पंचांगातला ग्रहणांचा मजकूर कापून चिकटवलेला. भारतात दिसणारी, न दिसणारी, सगळी. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात वेळा.

"त्या दिवसापासून मले एकच प्रश्न होता," ते म्हणाले. "हे परत कधी येईन?"

अठरा वर्षं त्यांना उत्तर मिळालं नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली फेब्रुवारीचं पान चिकटवताना त्यांना दिसलं की सव्वीस तारखेला पुन्हा खग्रास आहे, आपल्याकडच्या रात्री, म्हणून न दिसणारं. ऐंशीचं सोळा फेब्रुवारीला होतं. अठरा वर्षं आणि दहा दिवस. त्यांनी तो योगायोग मानला. पुढच्या वर्षी, गोंदिया वेगळा होऊन आपला जिल्हा अर्धा झाला त्याच साली, अकरा ऑगस्टला ग्रहण आलं. वहीत मागे पाहिलं तर एक्क्याऐंशीला एकतीस जुलैला होतं. अठरा वर्षं आणि अकरा दिवस.

"दहा का अकरा, इथं अडलो. दोन महिने अडलो. मंग दिवसच मोजले. एकेक वर्ष, एकोणतीसवाले फेब्रुवारी धरून. दोन्हीकडे सहा हजार पाचशे पंच्याऐंशी!" ते वहीवर बोट आपटत म्हणाले. "काठावरची नक्षी नाही का, मोजून तेवढ्याच धाग्यांनी परत येते? तसंच."

पण दर वेळी ते सुमारे आठ तास उशिरा येतं, हेही त्यांनी वेळांवरून काढलं होतं. म्हणून ऐंशीचं दुपारचं ग्रहण अठ्ठ्याण्णवला आपल्याकडे रात्री गेलं. पुढचं सोळा साली, नऊ मार्चला सकाळी, सूर्य उगवतानाच संपत आलेलं. आणि त्यापुढचं चौतीस साली, वीस मार्चला, पुन्हा दुपारनंतर. आठ त्रिक चोवीस, म्हणून तीन फेऱ्यांनी ते आपल्या बाजूला परत यायचं.

चौथी शिकून मागावर बसलेला हा माणूस. मी त्या वहीची पानं उलटत होते आणि मला माझ्या पदवीची लाज वाटत नव्हती, नुसता त्यांचा अभिमान वाटत होता.

मुलगी झाल्यावर, ती वर्षाची असताना, मी वाचनालयात गेले आणि खगोलशास्त्राची पुस्तकं काढून पाहिली. सगळं तिथं होतं. या चक्राला सारोस म्हणतात. बाबिलोनच्या लोकांनी ते अडीच हजार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. सहा हजार पाचशे पंच्याऐंशी दिवस आणि आठ तास. मी पुस्तक घरी आणलं, पण दोन दिवस मामाजींना सांगायचा धीर झाला नाही. ज्यासाठी माणसानं अठरा वर्षं वाट पाहिली, ते आधीच कुणीतरी शोधून ठेवलंय, हे कसं सांगायचं?

शेवटी जेवताना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तेवढेच दिवस? पंच्याऐंशीच?"

"हो, मामाजी. आणि आठ तास."

"म्हणजे बरोबर निघालं ना!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पोर दचकून रडायला लागली. तिला थोपटत त्यांनी विचारलं, "त्या लोकायजवळ कॅलेंडर होतं का?"

"नव्हतं बहुतेक. मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवायचे."

"मंग मोठी माणसं होती थे," मामाजी म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

सोळा सालच्या मार्चपर्यंत माग बंद झाला होता. मामाजी चौसष्टचे. मुलीला सहा वर्षं पूर्ण व्हायची होती. नऊ तारखेला पहाटेच आम्ही तिघं कारध्याच्या जुन्या पुलावर जाऊन उभे राहिलो. पिशवीत वेल्डिंगची काळी काच होती. आपल्याकडे दिसलीच तर एखादी किनार दिसेल, नाहीतर काहीच नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. खाली वैनगंगेवर धुकं होतं. पूर्वेला कारध्याच्या झाडांमागे आभाळ लाल झालं, पण खालचा पट्टा धुरकट होता. सूर्य त्यातून वर यायला पंधरा मिनिटं लागली. आला तेव्हा गोल होता. पूर्ण, कुठंही धक्का न लागलेला.

मुलीनं काच डोळ्याला लावली. "आबाजी, कुठं आहे तुकडा?"

"नाही!" मामाजींचा आवाज चढला. "नाहीच! गेला थो पलीकडे. आता तिकडं समुद्रावर, बेटांवर लोक पाहून राहिले असतीन."

दूधवाला सायकल थांबवून आमच्याकडे पाहायला लागला. काही न दिसल्यावर एवढा आनंद झालेला माणूस त्यानंही पाहिला नसावा. मामाजींनी पुलाच्या कठड्यावर वही ठेवली आणि पेन्सिलनं लिहिलं: नऊ मार्च, सकाळ, आपल्याकडे नाही, हिशोब बरोबर.

"आता पुढच्या वेळेस मी केवढी असीन?" मुलीनं विचारलं.

"चोवीसची होत येशीन."

"आन् तुमी?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "ब्याऐंशी."

"मंग याल ना?"

"येईन ना. अंगणात कोणी उचलून नेलं तर."

"मी नेईन," ती म्हणाली. मामाजींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू आत्ताच ती आपल्याला उचलू शकेल का याचा अंदाज घेत होते. मग म्हणाले, "त्याच्यासाठी खावं लागते बरं," आणि तिला आलुबोंडा खाऊ घालायला पुलापलीकडच्या टपरीकडे घेऊन गेले.