भरतीचा तास

आमच्या भावकीत एक हकीकत अजून सांगितली जाते: मी मुलीला भुताच्या भीतीने शाळेतून काढले आणि पंचांग पाहून घरी शिकवले. यातले पंचांग तेवढे खरे आहे. बाकीचे ज्यांनी रचले त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. पण माणूस गेला म्हणून त्याचे खोटे खरे होत नाही.

झाले ते असे. रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीच्या अलीकडे आमचे घर आणि कलमांची बाग, हायस्कूल पलीकडे. रोज सकाळी मुलीची मैत्रीण आमच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या बांबूच्या फाटकाशी, उभी राहून हाक मारी, "येतेस ना गो?" मग दोघी धक्क्यावर जाऊन होडीत बसत. ऐंशीच्या दशकातल्या त्या श्रावणात एके दिवशी मुलीची वेणी व्हायची होती. ती आतूनच ओरडली, "तू हो पुढे, मी आलेच." भरतीच्या पाण्यावर वारा उठला आणि होडी उलटली. बाकीचे पोहून निघाले. ती मैत्रीण निघाली नाही.

माझ्या मुलीचे ते दहावीचे वर्ष. त्यानंतर ती रोज दप्तर भरी, बेड्यापर्यंत जाई आणि तिथेच थांबे. विचारले की एकच उत्तर: "मी तिला आलेच म्हटलंय, बाबा."

शेजारी राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने निदान करून टाकले. "अरे, झाड धरतं तसं पाणीही धरतं. देवळात कौल लाव." मी कौल लावला नाही. गणिताची पदवी घेऊन मी बागायतीकडे परतलो होतो. मुलीला स्वतः शिकवीन आणि बाहेरून परीक्षेला बसवीन, असे ठरवले.

"अहो, पण परीक्षा पलीकडेच ना?" बायकोने विचारले.

प्रश्न तोच होता. बीजगणित ती कुठेही शिकली असती. पण मार्चमध्ये ती पाण्यावर पाऊल टाकील का, यावर तिचे पुढचे सगळे आयुष्य टांगलेले होते.

पहिले वेळापत्रक मी घड्याळाप्रमाणे आखले. ते आठवडाभरही टिकले नाही. दिवसात केव्हातरी तिची पेन्सिल थांबे, मान बेड्याकडे वळे आणि मी बोललेले एक अक्षर तिच्यापर्यंत पोचत नसे. ही वेळ रोज थोडी पुढे सरकत होती. हट्ट असता तर एका वेळी आला असता, थकवा असता तर संध्याकाळी. मग माझ्या लक्षात आले, ती पूर्ण भरतीची वेळ होती. आमच्या घरातून खाडी दिसत नाही, तिचा आवाजही पोचत नाही. मुलीला भरती कशी कळत होती, हे मला तेव्हा सांगता आले नाही, आजही येत नाही.

पंचांग उघडले ते यासाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; अष्टमीला सहा वाजता. आमच्या किनाऱ्यावर हे कोणालाही ठाऊक आहे, आणि तरी माझ्या हातात पंचांग दिसताच लोकांना मुहूर्त आणि मंत्र दिसू लागले. मी रोज तास नव्याने बसवी: ओहोटीला गणित आणि इंग्रजी, पाणी चढू लागले की इतिहास, आणि भरतीचा तास कोरा. त्या तासाला ती उठे, बेडे उघडे आणि पायरीवर बसून राही. मी बेडे लावू दिले नाही. भुतासाठी तास राखला, असे म्हणतात. मुलीसाठी राखला.

दुसरी गोष्ट भावकीला कधी दिसलीच नाही. वेळेबरोबर मी जागाही आखत होतो. दिवाळीपर्यंत वर्ग ओटीवर; मग बागेच्या खालच्या टोकाला; माघात खाडीच्या बांधावर; आणि परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा धक्क्यावर, पाण्याकडे तोंड करून. आम्ही चटई घेऊन निघालो की चुलतभाऊ दगडी गडग्यावरून विचारी, "काय रे, आता कुठला तास? भूगोल की भुताटकी?"

"भूगोल," मी एकदा म्हणालो. "तुला तो शाळेतही येत नव्हता."

मुलगी हसली. कितीतरी महिन्यांनी.

बायको अखेरपर्यंत म्हणत असे की तिने गुपचूप खाडीला नारळ दिला म्हणून मुलगी पार झाली. तिच्याशी मी यावर भांडलो आणि हरलो नाही.

पहिल्या पेपरच्या दिवशी द्वादशी होती. पाऊणपट नऊ. कोरा तास नेमका होडीच्या वेळेवर आला होता. चुलतभाऊ सांगतो, मी मुलीला दंडाला धरून होडीत घातले. साफ खोटे. वळसा घालणारी एस.टी. होती आणि मी तिला तसे विचारलेही होते. "नको. होडीनेच," ती म्हणाली. मी आधी होडीत चढलो आणि मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसलो, कारण मी पाहिले असते तर तो माझा आग्रह झाला असता. म्हणून मी पाहिले काही नाही. ऐकले तेवढे सांगतो.

बराच वेळ धक्क्यावर काही हालचाल नव्हती. मग मागून मुलीचा आवाज आला, शांत, रोजचा: "आले गो. सरक जरा."

होडी कलली, सावरली, आणि पुन्हा एकदा कलली. मुलीने बिचकून पाऊल दोनदा टाकले असणार. दुसरे स्पष्टीकरण मी मान्य करत नाही. पलीकडे उतरताना पाहिले, तर ती फळीच्या अगदी कडेला बसली होती. शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती.

ती पास झाली, शिकली, दूर गेली. खाडीवर पूल झाला, होडी बंद पडली. बायकोही राहिली नाही. अंगणाला आता लोखंडी फाटक आहे. मी रोज तिथीची पाऊणपट करतो आणि त्या वेळेला त्याची कडी काढून ठेवतो. भावकीतल्या नव्या पोरांनी याचीही हकीकत केली आहे. त्यांनी एवढेच लिहून घ्यावे, की "येतेस ना गो?" ही हाक मला आजवर एकदाही ऐकू आलेली नाही. मी पायरीवर बसतो, तो ती ऐकण्यासाठीच.