जमादाराची बाग

दादा गेल्याची बातमी मला झरीच्या शाळेत कळली. पोलीस ठाण्याचा शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, जमादार गंगेत बुडाले." माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज कोणाच्या मागे लागला होता? रडू नंतर आलं... बरंच नंतर. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून दोन महिने गप्प बसलो. पण आता आमच्या गावात, गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीकाठी (तिलाच आम्ही गंगा म्हणतो), माझ्या या थोरल्या भावाच्या नावाची बाग होते आहे. तिच्या दगडावरचा मजकूर मीच लिहून द्यावा, असा ठाण्याचे मुख्य, अमीनसाहेब, यांचा हुकूम झाला. 'रयतेसाठी जान कुर्बान केली' एवढं त्यात यायलाच हवं म्हणे. दगडावर जे जाणार नाही ते इथे लिहितो. निजामाच्या हद्दीत हे कोणी छापणार नाही, म्हणून हद्दीपलीकडे धाडतो आहे.

मला पोहायला दादानेच शिकवलं. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि डोहात लोटून द्यायचा. उतरण्याआधी माझ्या कमरेचा करगोटासुद्धा काढून घ्यायचा. "पाण्यात दोरा बी जड होतो," म्हणायचा. तो दादा मला आवडायचा. पुढे तो पोलिसात लागला, जमादार झाला, आणि पितळी टोकाची एक काठी त्याच्या हातात आली. वेठीला माणसं गोळा करणं हे जमादाराचं काम. हाकिमाचा दौरा आला की सामान वाहायला, तंबू ठोकायला, चारा आणायला माणसं लागत, आणि मजुरी कोणी देत नसे. दादा नाव घेऊन हाक मारत नसे. उंबऱ्यावर काठी दोनदा आपटायची, की त्या घरातल्या माणसाने हातातलं काम टाकून निघायचं. तो आवाज आला की गल्लीतली दारं पटापट लागत. घरात भाकरी खाताना मी एकदा त्याला म्हणालो, "दादा, लोक तुला शिव्या देतात." तो जेवायचा थांबला नाही. "म्या न्हाई नेलं तर अमीन मला नेईल," एवढंच बोलला. त्याचं खोटं नव्हतं. पण ताटावरून उठून तो पुन्हा काठी घेऊन बाहेर पडला, हे मी विसरलेलो नाही.

त्या दिवशी त्याने मारोती भोयाच्या उंबऱ्यावर काठी आपटली. मारोतीची बायको आत कळा देत होती. मारोती मागच्या दाराने निघाला आणि पैलतीराला जायला म्हणून गंगेत शिरला. दादाने काठावर काठी टाकली आणि बूट, कमरपट्टा अंगावर ठेवून त्याच्यामागे उडी घेतली. दोरासुद्धा जड होतो म्हणणारा माणूस पट्ट्यासकट पाण्यात गेला. रागाला डोळे नसतात, आणि सरकारी रागाला तर नाहीच नाही. मागे गटांगळ्या ऐकून मारोती अर्ध्या गंगेतून परत फिरला. "लय वढलं गुरुजी," तो नंतर मला सांगत होता, "पर पट्टा काय सुटंना." मढं काठावर आणलं तेही त्यानेच. त्याबद्दल त्याला तीन दिवस कोठडीत ठेवलं, आणि तो सुटला त्याच दिवशी बागेचे खड्डे खणायला वेठीला धरलं. ज्या चिंचांखाली बाजाराच्या गाड्या सुटायच्या ती जागा कुंपणात गेली. रयतेसाठी जान कुर्बान करणाऱ्याची बाग रयतेच्या मानगुटीवर बसून होते आहे. यावर अमीनसाहेबांच्या ठाण्यात कोणाला हसूही आलं नाही.

मी लिहिणार नव्हतो. पण माय पदर पसरून बसली. "लेकराचं नाव ऱ्हाऊ दे गावात. तुला तेवढं बी जड झालं का?" मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसली होती आणि समोरून मारोतीची बायको चालली होती. डोक्यावर घागर, पाठीशी झोळीत दोन महिन्यांचं लेकरू.

"कुठं निघालीस गं असल्या अंगानं?" मायने विचारलं.

"जमादाराच्या बागंला पाणी घालायला, माय. आज आमची पाळी हाय."

माय ओट्यावरून उठली. मग आत येऊन मला म्हणाली, "नाव तेवढं लिव. दुसरं काई लिवू नको. आन् ठाण्यात सांग, पाणी मी घालीन. माझ्या लेकासाठी दुसऱ्याची लेक कशाला?"

मी नुसतं नाव लिहून दिलं. अमीनसाहेबांनी कागद फाडला. मजकूर आता दुसरा कोणी लिहील, आणि माझी नोकरी राहील असं दिसत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला दादाचा राग आहे, तो मेल्यावरही उतरलेला नाही, आणि अवघड हे की त्याची आठवणही येते.

माय रोज पहाटे कळशी घेऊन निघते. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले. एका हाताने कमरेवरची कळशी सावरते, दुसऱ्या हातात आधाराला दादाची, काठावर राहिलेली काठी. गल्लीच्या फरशीवर पितळी टोक वाजत जातं... आणि तिच्या पुढे एकेक दार अजूनही लागत जातं.