बाहेरचं पाणी

चांगली बातमी घेऊन प्रयोगशाळेत धावत आलेल्या माणसाला अक्का आधी स्टुलावर बसवायच्या आणि मग विचारायच्या, "धुतलंस?" प्रश्न हातांबद्दल नसायचा, नमुन्याबद्दल असायचा.

मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा अक्का प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या तांत्रिक सहायक होत्या. घर जयनगरात, आणि मराठी अशी, की कैक पिढ्या कन्नडच्या शेजारी राहून तिच्याशी भांड्यांची देवघेव करणारी. माझ्या मराठीतलं इंग्रजी ऐकून म्हणायच्या, "तुमच्या पुण्यात मराठी स्वल्प कमीच बोलतात वाटतं."

आमचं काम असं. शरीरात लोह साठवणारं एक प्रथिन असतं. चोवीस तुकडे जुळून त्याचा पोकळ गोळा होतो. आम्लात तो उघडतो, आम्ल गेलं की मिटतो. त्या पोकळीत कर्करोगाचं औषध भरायचं, बाहेरून आजारी पेशी ओळखणारी खूण लावायची आणि औषध नेमकं तिथेच पोचवायचं. आमचे प्रयोगशाळा-प्रमुख, सर, त्याला 'नॅनोयान' म्हणत. त्यांच्या स्लाइडवर त्याच्या मागून ज्वाळाही निघत. अक्का डबा म्हणत. "झाकण लागलं म्हणजे भात आतच आहे असं नाही. कधी डब्याच्या अंगालाच माखलेला असतो."

माझी फेलोशिप संपत आली होती. अनुदान देणारे पाहुणे शुक्रवारी येणार होते; त्यांना डबा भरलेला दिसला तर आणखी दोन वर्षं, नाहीतर पुण्याचं तिकीट. बुधवारी माझा नमुना छान लालभडक झाला. औषधाचा रंगच लाल. मी धावत गेले. अक्कांनी स्टूल पुढे केलं.

"तीनदा धुतलंय, अक्का."

"मीठ वाढवून?"

मीठ वाढवलं नव्हतं. अक्कांनी नमुना पातळ पडद्याच्या पिशवीत भरला, जिच्यातून सुटं औषध झिरपतं पण डबा नाही, आणि खारट पाण्याच्या बीकरमध्ये सोडला. दुपारपर्यंत बाहेरचं पाणी गुलाबी झालं, संध्याकाळी लाल. पिशवीत उरला तो फिकट सरबताचा रंग. माझं बहुतेक औषध डब्याला बाहेरून चिकटलेलं होतं.

सर म्हणाले, "शुक्रवार तर होऊ दे. मिठाचं मग बघू."

"रक्तातही मीठ असतं, सर," अक्का म्हणाल्या. "औषध वाटेतच सुटणार, हृदयाला बाधणार. त्याला शुक्रवारचं कोण सांगणार?" मग माझ्याकडे वळल्या. "नमुना तुझा आहे. काय दाखवायचं ते तू ठरव."

मला राग आला होता. अक्कांनी हट्ट धरला असता तर मला निदान दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं. शुक्रवारी मी फिकट नमुना दाखवला. पाहुण्यांनी दोन वर्षांऐवजी सहा महिने दिले आणि ज्वाळांचं मात्र कौतुक केलं.

त्या सहा महिन्यांत आम्ही डब्याचं आतलं अस्तर बदललं, औषधाला धरून ठेवेल असं. अकरा डबे फसले. अक्का दर वेळी बीकर विसळून ठेवत आणि म्हणत, "पुढच्याला जागा झाली."

बारावा पिशवीत होता त्या दिवशी अक्कांचा निवृत्तीचा समारंभ आला. शाल खांद्यावर घालून झाली. सर त्यांना 'विज्ञानमंदिराचा आधारस्तंभ' म्हणत होते, तेवढ्यात पाणी बदलायचा गजर वाजला. आधारस्तंभ उठला आणि चालू लागला. मी मागे.

अक्कांनी बीकरमागे पांढरा कागद धरला. पिशवी लालभडक. पाणी स्वच्छ. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, पाणी बदललं, आणि मला म्हणाल्या, "आता धाव. सांग त्यांना."

मी धावत जाऊन सांगितलं. अक्का मागून येऊन खुर्चीत बसल्या. सरांचं भाषण पुढे सुरू झालं. ओल्या हातांनी शाल सावरत अक्का ते शेवटपर्यंत हसत ऐकत राहिल्या. त्यातला एकही शब्द त्यांच्या कानात शिरला असेल असं मला वाटत नाही.