बोट टिकेल इतकीच ऊब

ऐकीव सांगत नाही, पाहिलेला माणूस सांगतो. मोटरकाकांचा साऱ्या जगात भरवसा एकाच गोष्टीवर होता, स्वतःच्या बोटांवर.

पाट्या कोरणाऱ्या यंत्रांच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. ही मोटर टप्प्याटप्प्यानं फिरते. तिला किती वीज द्यायची ते ड्रायव्हर नावाचं चिमुकलं कार्ड ठरवतं, आणि त्यावर असतो तिळाएवढा स्क्रू. कमी पिळला तर मोटर टप्पे चुकते, अक्षर वाकडं जातं. जास्त पिळला तर ती तापून जळते. मीटर लावून हे मोजता येतं. काका मात्र यंत्र बराच वेळ चालवायचे आणि मोटरीवर बोट ठेवायचे. बोट टिकलं तर ठीक, नाही तर स्क्रू मागे.

"चटका म्हणजे काय, ते मीटरला काय कळणार?"

मग साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाली. मोटरी जळू लागल्या, गिऱ्हाइकं गळाली. उरला एक पाटीवाला. तो म्हणाला, "काका, या वेळी बिघडलं तर दुसरीकडे जाईन. राग मानू नका."

काकांनी काकूला दुकानात आणलं. तिचा जन्म इस्त्रीच्या टेबलापाशी गेलेला.

"बोट ठेव. टिकतंय का?"

"टिकतंय की."

स्क्रू थोडा पुढे. "आता?"

"अहो, कोमट आहे. एवढ्याला काय भिता?"

अक्षरं सुरेख उमटत होती. काका खुलले. "बोट तुझं, डोकं माझं. निघेल आपलं म्हातारपण."

"डोकं होतं कधी?" काकू हसली.

दोनच दिवसांत पाटीवाला मोटर ठेवून गेला. काकांनी ती नाकाशी नेली. जळक्या तारेचा वास.

घरी काकू इस्त्री करत होती. ओलं बोट तिनं तापल्या तळाला टेकवलं, चर्र झालं, तरी बोट तिथंच राहिलं, तिचा चेहराही हलला नाही. जळकी मोटर हातात घेऊन आलेले काका दारातच थांबले.

"माझं चुकलं का हो?"

"छे. मोटरच जुनी होती."

मोटर कोरी होती. आता मीटर घ्या म्हणायलाही एक गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ते तिच्यासमोर बसले आणि कपड्यांच्या घड्या घालू लागले.

"इस्त्रीपासून हात लांब ठेवा," काकू म्हणाली, "तुम्हाला कळायचं नाही."

काकांनी हात मागे घेतला.